लांब पडतं

प्रिय शालू,

घरी जाऊ नकोस. आधी जीपमध्ये चढ, ड्रायव्हर कल्याणच्या शेजारच्या सीटवर बस, काच वर कर आणि मग हे वाच. मी त्याला कोपऱ्यावर अर्धा तास थांबायला सांगितलं आहे. डिझेलच्या नावानं, पोलिसांच्या नावानं, स्वतःच्या नशिबाच्या नावानं तो कुरकुर करील, पण थांबेल. तुझ्या सुनेबद्दल, शीतलबद्दल, दोन शब्द त्यानं तुला सांगितलेच असतील. ती बरी आहे, हसतखेळत आहे, तेवढ्यावर तूर्त जीव शांत ठेव. बाकीचं क्रमानं वाच. अंबडच्या वसतिगृहात असताना तू रहस्यकथा मागच्या पानापासून वाचायचीस आणि खुनी कोण ते मला आंघोळीच्या रांगेत सांगून टाकायचीस. ती खोड आज आवर.

फोन का केला नाही, असं विचारशील. हे बोलणं आपल्या दोघींचं आहे आणि तुझा फोन कायम स्पीकरवर असतो. परवा आपण बोलत होतो तेव्हा मधूनमधून जो खोकला येत होता तो तुझा नव्हता. रामकिसनभाऊंचा खोकला मी तुझ्या लग्नापासून ओळखते. पहिला म्हणजे मुद्द्यावर ये, दुसरा म्हणजे जास्त बोलू नको, आणि तिसरा म्हणजे आता ठेव. तिसऱ्याला तू बरोबर फोन ठेवलास. नवरा दम्याचा पेशंट आहे असं समजून मी तुला एकदा औषधही सुचवलं होतं, आठवतं? आता कळलं, तो दमा नाही, ती घंटा आहे.

पण त्या तीन खोकल्यांच्या मध्ये तू जे सांगितलंस ते शब्दाला शब्द लक्षात आहे. "दीपा, तू हेडमास्तरीण हाएस, तुझं ती बराबर ऐकंल. तिला समजून सांग. राजीनामा लिहून दिलाय तिनं, तू फक्त पुढं पाठवून दे. लांब पडतं गं. चार-चार घंटे गाडीत जातेत पोरीचे. त्यात अजून शिक्षणसेवक, हातात काय पडतं तिच्या? सारा खर्चा जीपलाच." म्हणजे शाळा माझी, पहिलीचा वर्ग तुझ्या सुनेचा आणि नोकरी संपवायची सही पुन्हा माझी. तिनं किती वर्षं परीक्षा दिल्या, अंबडच्या वाचनालयात पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून सकाळी दाराशी कशी उभी राहायची, हे तुला माहीत आहे. मला तूच कौतुकानं सांगितलं होतंस. ही गेली की दुसरी मिळायची नाही, हेही तुला माहीत आहे. तरी तू फोन केलास. म्हणून मी पत्र लिहायला बसले.

लांब पडतं, हे खोटं नाही. मी कशाला खोटं बोलू? समृद्धी महामार्गानं मुंबई जवळ आली म्हणून तिकडं सगळे खूश आहेत, पण आपल्याच जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, धावड्याच्याही पुढं डोंगराला टेकलेली आमची वाडी होती तिथंच आहे. कल्याणची जीप जुन्या जालन्यातून उजाडायच्या आत निघते. राजूर येईपर्यंत लोक झोपलेले असतात, भोकरदनला चहासाठी उठतात आणि तिथून पुढं महागाई भत्त्यावर बोलतात. पुढच्या सीटवर कोण बसणार हे नोकरीच्या ज्येष्ठतेनं ठरतं. शीतलला मागं आडव्या फळीवर, गुडघ्यावर डबा घेऊन बसावं लागतं. राजूरच्या अलीकडं तिला गाडी लागली म्हणून दोनदा थांबवावी लागली. संध्याकाळी तू कोपऱ्यावर उभी असतेस, सून अंधाराची एकटी चालत आली तर लोक काय म्हणतील म्हणून. ती उतरते आणि तुझ्यामागोमाग थेट स्वयंपाकघरात जाते. गेल्या महिन्यात पहिलीची दोन पोरं माझ्या टेबलाशी आली आणि कुजबुजून म्हणाली, "मॅडम, बाई झोपल्यात. आम्ही बिलकुल आवाज करून न्हाई राह्यलो." मी जाऊन पाहिलं. फळ्यावर 'ब' काढलेला, शेजारी बदक अर्धवट, खुर्चीत तुझी सून मान टाकून झोपलेली आणि समोर पूर्ण वर्ग तोंडावर बोट ठेवून पहारा देत बसलेला. मुख्याध्यापिका म्हणून मी रागवायला हवं होतं. मी दार हळूच ओढून घेतलं.

तेव्हा हे अंतर मला सांगू नकोस. मला एवढंच म्हणायचं आहे, की ते तुम्हाला लग्नाच्या आधीही माहीत होतं. मुलगी पाहायला गेलात तेव्हा शीतल ह्याच शाळेवर होती. सून सरकारी मास्तरीण आहे ही बातमी साखरपुड्याच्या आधी अर्ध्या आडत बाजारात पोचली होती. तुमच्या धान्याच्या दुकानात पोती उचलणाऱ्या कचरूनंसुद्धा मला वाटेत थांबवून सांगितलं होतं. तेव्हा कुणी विचारलं नाही की वाडी कुठल्या दिशेला आहे. मांडवाच्या दिवशी रस्ता जेवढा होता तेवढाच आज आहे, शालू, उलट थोडं डांबर जास्तच पडलंय. सकाळच्या पोळ्या कुणी लाटायच्या, हा प्रश्न मांडवानंतर आला आणि रस्ता लांब झाला.

आता आमच्या वाडीची गंमत सांगते. मास्तरांनी शाळेच्या गावात राहावं असा नियम आहे. त्यासाठी दरवर्षी ग्रामसभेत ठराव होतो, की सर्व शिक्षक गावातच राहतात. सगळे हात वर करतात. हात वर करणाऱ्यांना माहीत असतं, ठराव लिहिणाऱ्याला माहीत असतं, आणि ज्यांच्यासाठी करायचा ते त्याच वेळी जीपमध्ये बसून हॉर्न वाजवत असतात, कारण उशीर होतोय. कागदावर आमची वाडी फार सुशिक्षित आहे. दिवे लागायच्या वेळी मात्र तिथं एक मास्तर औषधाला सापडत नाही. हे खोटं इतकं जुनं आणि इतकं सगळ्यांचं झालंय, की त्यात कुणी खोटं बोलतंय असं कुणाला वाटतच नाही. आणि त्यामुळं एक मोठी चूक होऊन बसली आहे. इथं नोकरी लागली की माणसाला दोनच वाटा दिसतात, रोज जा-ये करा नाहीतर सोडून द्या. तिसरी वाट त्या ठरावातच लिहिलेली असते, पण ठरावात लिहिलेलं खरंही करता येतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

दुसऱ्याला कशाला हसू? माझ्याही आलं नव्हतं. पदोन्नतीत मला ही शाळा मिळाली तेव्हा आमच्या घरी जी चर्चा झाली ती तू ऐकायला हवी होतीस. राजानंद म्हणाले, नकार लिहून दे, ह्या वयात कंबर घालवून घेऊ नको. त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी पेट्रोलचा हिशेब करून दिला. प्रीतीनं पुण्याहून सांगितलं, मम्मी, हेडमास्तर हा नुसता बोर्ड असतो, पगार थोडाच वाढतो. पंधरा दिवस सगळे बोलले, आणि एकाच्याही तोंडून निघालं नाही की बाई, वाडी तुझं माहेर आहे, शाळेच्या शेजारच्या गल्लीत तुझ्या बापाचं घर उभं आहे, तिथं तुझी चुलती गिरिजाबाई एकटी राहते, तू तिथंच का राहत नाहीस? मी पावसाळाभर जीपमध्ये आदळत जात-येत होते आणि दुपारच्या सुट्टीत त्याच घरी जेवायला जात होते! शेवटी एक दिवस गिरिजाबाईच म्हणाली, "दीपे, तू इथं भाकर खातीस अन् झोपायला जालन्याला जातीस. तुझ्यापरीस आमची कोंबडी शहाणी हाय. ती जिथं दाणे खाती तिथंच बसती." त्या सोमवारी मी पिशवी घेऊनच आले. आता शनिवारी जालन्याला जाते, सोमवारी परत येते. राजानंद स्वयंपाक शिकले. पहिल्या आठवड्यात फोन करून विचारायचे, मोहरी आधी की जिरं. आता मला विचारतात, तू वरणात काहीच कसं घालत नाहीस? निवृत्तीला आलेल्या माणसाला आपण इतकी वर्षं अपंग करून ठेवलं होतं म्हणायचं.

मी राहायला लागले आणि गावापेक्षा जीपमध्ये जास्त घबराट झाली. शिवाजी सर तिघांना घेऊन माझ्याकडं आले. चेहरा असा, जणू कुणी आजारी आहे. "मॅडम, तुम्ही राहिल्यात, चांगलं आहे. पण मॅडम, तुम्ही अशा खरोखर राहायला लागल्या तर आमच्या राहण्याचं कसं?" मी म्हटलं, सर, तुम्ही तर माझ्याआधीपासून इथं राहता, ठरावात तुमचं नाव माझ्या वर आहे, घर कुठल्या गल्लीत ते सांगा, संध्याकाळी चहाला येते. शीतल मागं हजेरी घेऊन उभी होती. ती एकदम गंभीर तोंडानं म्हणाली, "मॅडम, सरांकडं चहाला जायचं तर सकाळीच निघावं लागंल." शिवाजी सर आजही तिच्याशी महागाई भत्त्याबद्दल बोलत नाहीत. शालू, अशी सून तुला परत मिळायची नाही. तिचं तोंड बघून मला कुणाची आठवण येते सांगू? अंबडच्या वसतिगृहात रेक्टरबाईंना, "बाई, आमटीत डाळ शोधायला आम्हाला होकायंत्र द्या," म्हणणाऱ्या एका पोरीची. ती पोर पुढं कुठं गेली कोण जाणे.

गेल्या आठवड्यात शीतलनं तो कागद माझ्यासमोर ठेवला. मराठी चांगली शिकलेली पोर, आणि कागदावर लिहिलेलं, 'प्रवासाचे अंतर कुटुंबास सोयीचे नसल्याने.' मी विचारलं, हे तुझं आहे? ती म्हणाली, "अक्षर माझं हाय. मामांनी खोकत सांगितलं, मी लिहिलं." मी विचारलं, तुला काय पाहिजे? मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, "मॅडम, मला ती नोकरी पाहिजे अन् ती जीप नको. एवढंच हाय. पण एवढं म्हणायला घरात कुठं जागाच न्हाई." मी तिला म्हटलं, चप्पल घाल. आम्ही शाळेच्या फाटकातून निघालो, हातपंपापाशी वळलो, आणि मी दार उघडलं. ती मागं वळून बघायला लागली. म्हणाली, "आलं? मॅडम, माझा चपलेचा अंगठासुद्धा नीट बसला नव्हता अजून."

गिरिजाबाई चुलीपाशी होती. तिला सांगितलं की ही शालूची सून. शालू म्हणजे कोण, हे तिला सांगावं लागलं नाही. ते नाव आमच्या घरात जुनं आहे. तिनं शीतलकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आमच्यात कुणी सहसा उघड विचारत नाही ते विचारलं. "पोरी, हा बौद्धवाडा हाय. तुमच्याकडली माणसं इथं पाणी प्यायचं तर घड्याळ बघत्यात. तुला आमच्याकडं राहायला चालंल का?" शीतल म्हणाली, "आज्जी, मला झोप पाहिजे. झोप कुणाच्या घरची हाय ते डोळे मिटल्यावर कुठं दिसतं?" आणि खरंच, शालू, भाकरी होईपर्यंत ती भिंतीला टेकून झोपली. गिरिजाबाईनं तिच्या अंगावर लुगडं टाकलं आणि मला म्हणाली, "ही त्या बाईची सून हाय व्हय? बरी निपजली."

आता तुला ती खोली आठवली असेल. आठवली नसेल तर मी आठवण करून देते. आपण डी.एड. झालो, तू अख्ख्या कॉलेजात पहिली आलीस, आणि तुझी नेमणूक झाली ती ह्याच वाडीच्या शाळेवर. ही जागा तेव्हाही रिकामी असायची, आजही असते, म्हणून प्रत्येक नव्या बाईला आधी इथंच टाकतात. त्यात नशीब वगैरे काही नाही. मी परतूरकडं होते. तुझं नुकतंच लग्न झालेलं, घर जुन्या जालन्यात, आणि तेव्हा जीपही नव्हती, एसटी बदलत यावं लागायचं. माझे वडील, आमचे अण्णासाहेब, काही फार बोलणारे नव्हते. त्यांनी आपली पुढची खोली रंगवली. भोकरदनच्या बाजारातून एक टेबल आणलं, डोक्यावर घेऊन, कारण मास्तरणीला वह्या तपासायला टेबल लागतं असं त्यांचं मत. खिडकीला जाळी लावली. आणि तुम्हाला निरोप पाठवला, की शालूबाई आमच्या दीपासारखी, शाळा हाकेवर आहे, आठवडाभर इथं राहील, शनिवारी मी स्वतः एसटीत बसवून देईन.

तुम्ही खोली बघायला आलात त्या दिवशी मी सुट्टी काढून वाडीत आले होते. तू, रामकिसनभाऊ आणि तुझ्या सासूबाई तुळजाबाई, भाड्याच्या गाडीतून. तू उतरलीस, घरात आलीस, टेबलावर हात फिरवलास, खिडकी उघडून बघितलीस. तिथून शाळेचा व्हरांडा दिसतो. तू हसलीस, मी बघितलं. तुळजाबाई गाडीतून उतरल्या नाहीत. ऊन फार आहे म्हणाल्या. बरोबर तांब्या आणला होता, त्यातलंच पाणी प्यायल्या. आई दारात चहा घेऊन उभी राहिली आणि तो चहा तिच्या हातातच गार झाला. मग गाडीतून आवाज आला, "चल शालू, लई लांब पडतं हे." शाळा समोर दिसत होती! व्हरांड्यात पोरं पाढे म्हणत होती ते ऐकू येत होतं. आणि तू अण्णांकडं बघून म्हणालीस, "काका, लांब पडतं." अण्णा म्हणाले, "खरं आहे बाई. जालन्याहून लांबच आहे." एवढंच. गाडी गेल्यावर त्यांनी टेबलावर एक कापड टाकलं. पुढं महिन्याभरात तुझा राजीनामा गेला आणि सगळ्यांनी मान डोलावली, की खरंच, रोजचं अंतर झेपण्यासारखं नाही. मीही डोलावली. रस्ता बिचारा मुका असतो. त्याच्यावर काहीही ढकललं तरी तो नाही म्हणत नाही.

तू म्हणशील, दीपा, माझं तसं काही नाही. तुझं नाहीच. माझ्या ताटातली वांग्याची भाजी तू ओढून खाल्लीस. माझ्या आईच्या हातची चटणी सुट्टीहून यायच्या आधीच मागायचीस. पण तुझं तसं नाही हे तू आजवर फक्त माझ्याजवळ बोललीस. जिथं बोलायला पाहिजे होतं तिथं तू 'लांब पडतं' म्हणालीस. मी तुला त्याबद्दल कधी बोलले नाही, कारण तू तेव्हा वीस-बावीसची होतीस आणि गाडीत तुळजाबाई होत्या. आज तू स्वतः सासू आहेस. गाडीत आज तू बसली आहेस, शालू, आणि उतरायचं की नाही हे तुझ्या हातात आहे. तुळजाबाई खाटेवर आहेत, त्यांना कमी ऐकू येतं असं तू म्हणतेस. माझा अंदाज आहे, 'बौद्धवाडा' हा शब्द त्यांना तिसऱ्या खोलीतूनही लख्ख ऐकू जाईल. जाऊ दे. त्या निमित्तानं कान तपासले जातील.

आणि मला कुणावर उपकार करायचे नाहीत, हेही लिहून ठेवते. ही दया नाही आणि सुधारणाही नाही. मला पहिलीच्या वर्गाला चांगली बाई पाहिजे. आमच्या वाडीतली आईबापं दिवसभर वावरात असतात. पोरगं का येत नाही, हे विचारायचं तर दिवे लागायच्या वेळी घरी जावं लागतं. ते जीपमधून होत नाही. गेल्या वर्षी मी एकटी हिंडत होते. आता दोघी हिंडू. कुणाला दुखत असेल तर त्यानं डॉक्टरकडं जावं. नियम आमच्या बाजूनं आहे, ठराव आमच्या बाजूनं आहे. अख्ख्या जीपमध्ये कायदा पाळणाऱ्या आम्ही दोघीच, आणि लपून राहायचं ते आम्ही? रामकिसनभाऊंना तक्रार करायची असेल तर खुशाल करू देत. अर्जात काय लिहितील? की मास्तरीण खरोखरच गावात राहते?

आता शेवटचं पान. इथवर क्रमानं आली असशील तर शाबास. ह्या शनिवारी मी जालन्याला न येता वाडीतच थांबले. शीतल तुला अंबडला माहेरी जाते, सोमवारी तिथूनच शाळेला जाईन सांगून निघाली आणि तुझा रामप्रसाद वसुलीसाठी भोकरदनला जातो म्हणाला. दोघंही एकाच मोटरसायकलवर आमच्या दारात आले, मागं गादीची वळकटी बांधून. रामप्रसादनं स्वतः खिळे ठोकले, दोरी बांधली, गिरिजाबाईच्या हातचा दोन वेळा चहा प्यायला, दुसरा मागून घेतला. दर बुधवारी येतो म्हणाला, आणि जाताना हळूच म्हणाला, "मावशी, आईला तुम्हीच सांगा. मी बोलायला लागलो की बाबा खोकत्यात." तुझं पोरगं वाईट नाही, नुसतं घंटेवर चालायची सवय आहे, सुटेल. शीतलनं राजीनामा माझ्याकडून परत मागून घेतला. त्याच्या कोऱ्या बाजूवर तिनं पोरांसाठी भलामोठा बेडूक काढलाय, तो आज वर्गात भिंतीवर लागला. ती अण्णांच्या टेबलावर वह्या तपासत बसली आहे आणि मी खाली बसून हे लिहिते आहे, कारण टेबल मास्तरणीचं असतं. तू आज रोजच्यासारखी कोपऱ्यावर उभी राहिलीस, जीप थांबली, आणि तुझी सून उतरली नाही. हे पत्र उतरलं. ते लिहिलं एवढ्यासाठी, की घरी पोचलीस की रामकिसनभाऊ विचारतील, सून कुठं आहे. 'माहेरी थांबली' म्हणालीस तर आठ दिवस निभावेल, आणि आठ दिवसांनी पुन्हा कुणीतरी रस्त्याची लांबी काढेल. नाहीतर सरळ सांग, की शीतल शाळेच्या गावात राहते, दीपमालाच्या घरी, बौद्धवाड्यात, आणि मला ते मान्य आहे. फोनवर नको, स्पीकरवर नको. समोर उभं राहून, तिसऱ्या खोलीत ऐकू जाईल असं. कल्याणच्या जीपपासून तुझ्या दारापर्यंत पिठाची गिरणी, बांगड्यांचं दुकान आणि तुमचा ओटा, एवढंच चालायचं आहे. तेवढं तरी तुला लांब पडू नये.

पुढची खोली मोठी आहे, तिसरी गादी मावते. रविवारी ये, गाडीतून उतरायच्या तयारीनं.

तुझीच, वांग्याच्या भाजीची अजून वाट बघणारी,
दीपा